आडे सरांचं अर्धं वांगं

"बंद कर तो भोंगा! बंद कर म्हणतो न! अन् ते वांगं आधी खाली ठेव!"

घाटंजीच्या बाजारात त्या शनिवारी हा आवाज असा काही फुटला की तिकडे टोकाला बांधलेल्या बकऱ्या चारा सोडून उभ्या राहिल्या, मिरचीवाल्याचा तराजू हलायचा थांबला, आणि मी तर म्हणतो पाण्याच्या टाकीवरचे पारवे जे उडाले ते थेट मुकुटबनला जाऊन बसले. मी खोटं बोलतो असं गावात काही लोक म्हणतात. पण पारव्यांचं खरं आहे.

आवाज आडे सरांचा होता. समोर गजा होता, त्यांचा जुना विद्यार्थी. गजानं जुन्या व्हॅनच्या टपावर भोंगा बांधला होता, पुढे टेबल मांडलं होतं, टेबलावर पांढऱ्या डब्यांचा डोंगर, आणि त्याच्या हातात मधोमध कापलेलं एक भलंमोठं वांगं. एक फोड काळी पडलेली, दुसरी पांढरीशुभ्र. पांढऱ्या फोडीला त्यानं लिंबू चोळलं होतं.

"मंडळी!" गजा भोंग्यातूनच म्हणाला, "टाळ्या वाजवा! हेच ते आमचे सर! ज्यांचा हा प्रयोग हाय ते सर सोता आले!"

लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. कारण मागच्या फ्लेक्सवर सरांचाच फोटो होता, निवृत्तीच्या दिवशीचा, शाल-नारळवाला. त्या फोटोत कोणताही माणूस नुकताच वारल्यासारखा दिसतो. खाली लाल अक्षरांत ओळ होती: 'आतून गंजण्याआधी आजच जागे व्हा. पेशीरक्षक पावडर.' ती ओळ कुणी लिहून दिली होती ते मी पुढं सांगीन. घाई नाही.

"हे मी शिकवलं तुले?" सर ओरडले.

"त मंग कोणं शिकवलं सर? दहावी ब. वांगं तुम्ही कापलं, लिंबू म्या पिळलं. तुम्हीच म्हणे, ऑक्सिजन पेशीले गंज चढवते, अँटिऑक्सिडंट वाचवते. लेहून घ्या म्हणे. म्या लेहून घेतलं."

"अन् त्याच्या पुढचं?"

"पुढचं काय सर? पुढं त घंटा झाली."

बाजार हसला. सर हसले नाहीत. आणि मग गजानं, भोंगा बंद करून, अगदी घरच्यासारखं म्हटलं, "तुम्ही काळजी नोका करू. झमकूआत्याले म्या सोता तांड्यावर नेऊन देल्ला डबा. फुकट. आत्या म्हणे, भियाची पावडर हाय, त मंग नागपूरले जाऊन शेक कायले घ्या?"

सर तिथंच पाठ फिरवून वळले. वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर एका शाळेत काढली, मी मराठी शिकवत होतो आणि ते विज्ञान, पण वाद असा मधेच टाकून वळलेले ते मी पहिल्यांदा पाहिले.

झमकूबाई ही त्यांची मोठी बहीण. 'भिया' म्हणजे भाऊ, त्यांच्या बंजारा गोरबोलीत. बाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सोमवारपासून शेक द्यायचं ठरवलं होतं. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. आणि आज शनिवार होता.

आता हे आडे सर कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आणि एकदा सांगायला बसलं की पुढं जाता येत नाही. तरी सांगतो.

पहिली गोष्ट, सर बसत नसत. कुठंच. आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्या खुर्च्यांना खड्डे पडले, माझ्या खुर्चीत तर एक मांजर तीनदा व्याली, पण सरांच्या खुर्चीचं कारखान्यातून आलेलं प्लास्टिक निवृत्तीपर्यंत निघालं नव्हतं. आम्ही तिच्यावर डबे ठेवायचो. एका तासात सर वर्गात इतके चालत की सरळ रेषेत चालले असते तर घंटेच्या आत कळंब गाठलं असतं. जेवायचे उभ्यानं, पेपर तपासायचे खिडकीच्या चौकटीवर. एकदा यवतमाळहून तपासणीला साहेब आले. साहेब म्हणाले, "आडे, बसा ना." सर म्हणाले, "साहेब, बसला तो गंजला." साहेब उठून उभे राहिले. त्या वर्षीची सगळी तपासणी सगळ्यांनी उभ्यानं केली. सही सुद्धा उभ्यानं झाली. म्हणून ती कुणाला वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट गंज. गंज हा सरांचा देव, दैत्य आणि सोयरा होता. शाळेच्या फाटकाला गंज चढला की मुख्याध्यापक रंगाचा डबा मागवायचे, आणि सर आडवे यायचे. "राहू द्या! आमचा धडा हाय तो!" मग पोरांना फाटकापाशी उभं करून विचारायचे, "हे कोणं केलं?" पोरं म्हणायची, पावसानं. "पावसाची काय टाप! हवेनं केलं. जी हवा तुम्ही आत्ता ओढून राह्यले न, तिनं. ती आतमधी जाऊन काय करत असन, याचा कधी विचार केला का?" त्यानंतर दोन दिवस निम्मा वर्ग श्वास जपून घ्यायचा.

एका लग्नात त्यांना शुभाशीर्वाद द्यायला उभं केलं. उभं करावं लागलं नाही, ते उभेच होते. माईक हातात आला आणि सर म्हणाले, "वधूवरहो, या क्षणी तुमच्या शरीरातली एकेक पेशी हळूहळू गंजून राह्यली आहे." नवरीनं नवऱ्याकडे पाहिलं. "पण घाबरू नका! भाजीपाला खा, आवळा खा, जांभूळ खा, अंबाडीची भाजी खा!" नवरीच्या मामानं माईक काढून घेतला. पण त्या वर्षी घाटंजीच्या बाजारात अंबाडीची जुडी अकरा वाजता संपायची, हे भाजीवाल्या बायका अजून सांगतात.

तिसरी गोष्ट वांगं. दर वर्षी दहावीला तो तास असायचा. सर खिशातून वांगं काढायचे. खिशातून, पिशवीतून नाही. कापायचे, एका फोडीला लिंबू चोळायचे, दुसरी तशीच ठेवायचे, आणि वर्गात येरझारा घालत वाट पाहायचे. दहा मिनिटांत उघडी फोड तपकिरी व्हायची, लिंबाची पांढरी राहायची. साधी गोष्ट. प्रत्येक बाईला स्वयंपाकघरात माहीत असते. पण सरांनी केली की वाटायचं, या माणसानं आत्ता वाघ पाडला.

आणि मग यायची चपलेची गोष्ट. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवताना ती वीस वेळा ऐकली आहे, भिंतीआडून, कारण सरांना भिंत हा प्रकार माहीत नव्हता.

"समजा तुम्ही कळंबला चिंतामणीच्या देवळात गेले. चपला बाहेर. दर्शन झालं, बाहेर आले, त तुमची चपल गायब! आता तुम्ही काय करसान? बाजूची दुसऱ्याची घालसान अन् निंगसान. तो दुसरा बाहेर येईन, तो तिसऱ्याची घालीन. तिसरा चौथ्याची. एका चपलेपायी सारं देऊळ चोर! पेशीच्या चुलीत अन्न जळते, ऑक्सिजननं जळते. जळताना ठिणग्या उडतात. ती ठिणगी म्हणजे चपल गेलेला रेणू. एक इलेक्ट्रॉन कमी. तो बाजूच्याचा हिसकते, बाजूचा त्याच्या बाजूच्याचा. पेशीची भिंत फाटते, आतलं सारं बिघडते. मंग हे थांबते कवा?"

सर एक फेरी मारून परत यायचे.

"जवा एखादा भला माणूस म्हणते, घे बा माही, मी अनवाणी जातो. अन् खरंच कोणाची न हिसकता घरी जाते. तो माणूस म्हणजे अँटिऑक्सिडंट! लिंबात हाय, आवळ्यात हाय, आपलं शरीर सोता बी बनवते."

एकदा एका पोरीनं विचारलं, "पण सर, असा माणूस असते का?"

"एक पाह्यला," सर म्हणाले, आणि फळ्याकडे वळून काहीतरी पुसायला लागले. फळा कोराच होता.

इथवर आलं की घंटा व्हायची. दर वर्षी. शिपाई घड्याळ पाहून ठोका द्यायचा, त्याचा काही दोष नाही. वांग्याला दहा मिनिटं, चपलेला वीस, आणि उरलेली दहा सर चालण्यात घालवायचे. घंटा झाली की हात वर करून म्हणायचे, "उरलेलं उद्या!" आणि उद्या नवा धडा सुरू व्हायचा, कारण पोर्शन संपवायचा असायचा. अशा तऱ्हेनं घाटंजी तालुक्यातल्या पिढ्यान् पिढ्यांना अर्धाच धडा माहीत होता. ऑक्सिजन चोर, लिंबू देव. उरलेलं काय होतं, ते मलाही माहीत नव्हतं. मी तर मराठीचा.

तर, शनिवार.

सर बाजारातून वळले ते सरळ स्कूटरकडे. मी मागं धावलो. गजाही आला, त्याचं तोंड एवढंसं झालेलं. त्यानं फ्लेक्स उतरवून घडी केली आणि माझ्या हातात दिली. "मास्तर, हे तुम्हीच ठेवा. ओळ तुमची हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"अनुप्रास बरा जुळला होता," मी म्हणालो.

"बसा मागं, कविराज," सर म्हणाले. आयुष्यात मला एवढ्या वाईट आवाजात कविराज कुणी म्हटलेलं नाही.

तांडा गावापासून बारा किलोमीटर. सर स्कूटरवरसुद्धा अर्धे उभेच असत, त्यामुळे मागच्याला सगळा वारा तोंडावर येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर कमरेएवढी झाली होती. सर स्कूटर थांबवायचे, खाली उतरायचे, रस्त्यावर चार फेऱ्या मारायचे, तुरीला काहीतरी समजावून सांगायचे आणि पुन्हा चालू करायचे. असं तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. पंधरा मिनिटं बोलले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

"काय म्हणे?"

"जेवणातलं लिंबू, आवळा चालते म्हणे. पावडर-गोळ्या विचारल्याबिगर नाई. शेक चालू असताना त बिलकुल नाई. अन् शेक चुकवायचा नाई. गाठ थांबून राहत नसते म्हणे."

"पण पावडर काहून नाही? अँटिऑक्सिडंट तर भला माणूस ना?"

सर थांबले. मला वाटलं आता मारतात. "तेच त उरलेलं आहे, कविराज. तेच उरलेलं मी एकतीस वर्षं उद्यावर टाकलं."

झमकूबाई अंगणात कडुनिंबाच्या सावलीत अंबाडी निवडत बसल्या होत्या. ठेंगणी, काटक बाई. गळ्याला पदर गुंडाळलेला, गाठ दिसू नये म्हणून. मी प्रथम पाहिले ते त्यांचे पाय. इतक्या भेगा, की पेरणी करावी. आणि दारामागं भिंतीशी ओळीनं ठेवलेल्या कोऱ्या चपला. दहा-बारा जोड असतील. काहींना दुकानाची दोरी तशीच. मी पाहत होतो ते घरातल्या सरांच्या वहिनींना दिसलं. त्या हळूच म्हणाल्या, "भावजी दर दिवाळीले आणतात. बाई घालत नाही. भावजी शिकत होते तवा हिनं ठरवलं होतं, आधी त्याच्या पायात बूट, मंग माह्या. तवापासून पायाले सवयच नाही राह्यली."

मला सरांनी पुसलेला तो कोरा फळा आठवला.

"बाई," सर आल्या आल्या म्हणाले, "ती पावडर कुठी हाय?"

"भिया आला! बस. पाणी घे."

"पावडर कुठी हाय?"

"घेऊन राह्यली न रोज दोन डाव, सकाळ-संध्याकाळ. कडू हाय, पण तुही हाय म्हणून घेतो. गजानं सारं सांगतलं. आता नागपूर कायले?"

सरांनी खिशातून वांगं काढलं. कधी घेतलं देव जाणे, बहुतेक गजाच्याच टेबलावरचं. सुरीनं कापलं, एका फोडीला लिंबू चोळलं, बाईंसमोर ताटात ठेवलं आणि धडा सुरू केला. तांडा जमला. कुणी दारात, कुणी बैलगाडीच्या धुऱ्यावर. सर अंगणभर चालत होते. कोंबड्या रस्ता देत होत्या.

"हे झालं अर्धं," सर म्हणाले. "आता उरलेलं ऐक. ठिणग्या साऱ्याच वाईट नसतात. जंतू आत आला का आपल्या रक्तातले शिपाई मुद्दाम ठिणग्या उडवतात, त्याले जाळाले. अन् शेक काय करते? शेक गाठीमधी ठिणग्या पेटवते. गाठीतल्या पेशीच्या साऱ्या चपला हिसकून घेते, का तिनं तिथंच मरावं. आता समजा नेमक्या त्याच वक्ताले तू बाहेरून गाडीभर चपला आणून टाकल्या. त त्या कोण घालीन? चांगली पेशी बी घालीन, अन् गाठ बी घालीन. तुह्या पावडरीले का समजते, हा चोर अन् हा साव?"

बाईंनी अंबाडीचं एक देठ तोडलं.

"म्हंजे पावडर खराब?"

"खराब नाई! म्हंजे..." सर थांबले, वळले, पुन्हा चालले. "आपल्या वक्ताले, आपल्या जागी ती चांगली. जेवणातून येते तेवढी चांगली. डब्बाभर अन् शेकाच्या वक्ताले, नाई. पक्कं काय होईन ते डाक्टरलेही सारं माहीत नाई. मले बी नाई माहीत." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "मले नाई माहीत, बाई. पण तो डाव आपून खेळायचा नाई. सोमवारी नागपूर."

"शेकानं तोंड सोलून निंगते म्हणे. वरच्या तांड्यावरची ती बाई सांगत होती. जेवण जात नाही."

"जाईन. पातळ करून देऊ."

"अन् पावडरीनं काहीच दुखत नाही."

"म्हणूनच त!" सर ओरडले. कोंबड्या उडाल्या. आणि मग सरांनी पुन्हा वांग्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. ताटातली उघडी फोड केव्हाच काळी ठिक्कर पडली होती, आणि खरं सांगतो, लिंबाची फोडही कडेनं तपकिरी व्हायला लागली होती. आजवर कुठल्याही वर्गानं एवढा वेळ थांबून ती पाहिली नव्हती. घंटा व्हायची ना.

सरांनीही ती पाहिली. ते बोलता बोलता थांबले, ताटाकडे पाहत राहिले. आणि मग ते खाली बसले. बाजेवर नाही, तिथंच मातीत, बहिणीच्या पायांसमोर. मला वाटलं, ऊन लागलं. मी पाणी आणायला उठलो.

पाणी घेऊन आलो तर बाई अंबाडी बाजूला सारून हात पुसत होत्या. "सोमवारी कितीची गाडी हाय?" त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर सर पुन्हा अर्धे उभे. "पाह्यलं कविराज? प्रयोगाची ताकद! अनपढ बाई, पण चपलेचा दृष्टांत कसा बरोबर बसला! पूर्ण धडा शिकवला का माणूस समजतेच!" मी हो म्हणालो. फ्लेक्स माझ्या मांडीवर होता, सर त्यावर काही बोलले नाहीत, हेच पुष्कळ. गजाचं म्हणाल तर त्यानं ते डबे कंपनीला परत केले. आता त्याच भोंग्यावर तो भाजी विकतो. वांगी कापून दाखवत नाही.

पुढं महिना-दीड महिना सर नागपूरला होते, बाईंबरोबर. सोबतीला असलेला भाचा सांगायचा, दवाखान्याच्या बाहेर ओळीनं बाकडी आहेत, पण मामा व्हरांड्यात चालत असतात, आणि वाट पाहणाऱ्या लोकांना चपलेची गोष्ट सांगतात. पूर्ण. आता घंटा वाजवणारं कुणी नव्हतं.

शेवटचे ते दोघं मला भेटले घाटंजीच्या एसटी स्टँडवर. शेक संपला होता. त्यानंतर सर मुलीकडं पुण्याला राहायला गेले, बाईंनाही तपासण्यांसाठी तिकडंच नेलं, आणि आमची भेट फोनवर राहिली. त्या दिवशी बाईंच्या गळ्याची कातडी काळीशार पडली होती, आवाज कातरल्यासारखा, आणि अंगानं त्या निम्म्या झाल्या होत्या. पण गाठ बसली होती, असं डॉक्टर म्हणाले होते. पाय अनवाणीच. सर तांड्याची गाडी विचारायला खिडकीकडे गेले. खिडकीपासून फलाटापर्यंत, फलाटापासून खिडकीपर्यंत, तीनदा.

मी बाईंजवळ बाकावर बसलो. माझ्यातला मास्तर काही जात नाही. विचारलं, "बाई, सरांनी तो वांग्याचा धडा तीन-तीनदा शिकवला, त्यातलं तुम्हाला नेमकं काय पटलं?"

बाईंनी पाण्याचा छोटा घोट घेतला, हळूच गिळला, आणि खिडकीसमोर येरझारा घालणाऱ्या भावाकडे पाहत म्हणाल्या,

"मले त्यातलं काही नाही समजलं, मास्तर. पण तो खाली बसला होता."